हाकेला ओ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, मखमलाबादला नर्सरी चालवणारे आदरणीय कारभारीआप्पा. प्रमुख पाहुणे, अंबडला सेफ्टीच्या सामानाचं दुकान असणारे अश्विनशेठ. आजचे सत्कारमूर्ती देवरामदादा. त्यांच्या सौभाग्यवती फुलावहिनी, ज्यांनी व्यासपीठावर यायला साफ नकार देऊन पहिल्या रांगेत खुर्ची धरली आहे. नाशकातून आणि थेट पिंपळगाव, नांदगावहून आलेले झाडं छाटणारे माझे व्यवसायबंधू. आणि हे बंधू संध्याकाळी धड घरी येईपर्यंत ज्यांचा जीव टांगणीला असतो त्या सर्व माता-भगिनी! आपणा सर्वांना ह्या धोंडीरामचा नमस्कार.

मंडळी, मला दोर धरायची सवय आहे, माईक धरायची नाही. दोर चुकीचा ओढला तर वरून शिवी येते, म्हणजे आपलं चुकलं हे लगेच कळतं. तुम्ही सगळी सभ्य माणसं, शिवी देणार नाही. तेव्हा माझं चुकत असेल तर निदान खाकरा.

निरोप समारंभ कधी होतो? माणूस निवृत्त झाला की होतो. आमच्याकडे उलटं आहे. समारंभ आज होतोय, आणि माणूस निवृत्त होणार की नाही, हे अजून ठरायचंय. हसू नका. देवरामदादा याआधी दोनदा निवृत्त झालेले आहेत. एका दसऱ्याला त्यांनी कोयत्याची पूजा केली आणि तो माझ्याबरोबर दोर धरणाऱ्या आपल्या मंगळूच्या हातात देऊन सांगितलं, "आता तू वर, मी खाली." संक्रांतीला एका शाळेच्या फाटकावर चिंचेची फांदी लोंबकळली आणि दादा पुन्हा वर. मग गेल्या वर्षी झाडावर चढायचा पट्टा देऊन टाकला. वळवाच्या वादळात कुणाच्या तरी पत्र्यावर गुलमोहर रेलला, तर ह्या माणसानं दिलेला पट्टा परत मागून घेतला!

यात गंमत आहे, पण सगळीच गंमत नाही. दादांचा उजवा खांदा आता वर जात नाही. ते केस डाव्या हातानं विंचरतात, हे आधी वहिनींनी पाहिलं. ऐन उंचीवर हात वर गेला नाही तर काय होतं, हे ह्या सभागृहात मी कुणाला सांगायला हवं असं नाही. म्हणून वहिनी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, घरात दिलेला शब्द ह्या माणसाला पुरत नाय. चार माणसांसमोर द्यायला लावा." हा हॉल, हा हार, हे पेढे, सगळं त्यांनी ठरवलेलं आहे. आम्ही फक्त खुर्च्या मांडल्या.

आता आमच्या धंद्याविषयी दोन शब्द बोलतो, कारण इथे काही पाहुणे बाहेरचे आहेत. लोकांना वाटतं, झाड छाटणं म्हणजे वर चढायचं आणि तोडून खाली टाकायचं. खाली टाकून कसं चालेल? खाली कौलं असतात, टेलिफोनच्या तारा असतात, साहेबांची नवी मारुती असते. म्हणून फांदी आधी दोराला बांधायची, दोर वरच्या बेचक्यातून खाली घ्यायचा, शेजारच्या बुंध्याला दोन वेढे द्यायचे आणि मग फांदी कापून सावकाश उतरवायची. वर दादा, खाली दोराला मी आणि मंगळू. खाली उभ्या माणसाला वरचं काही दिसत नाही, मधे पानं. सगळा कारभार आवाजावर. वरून दोनच हुकूम यायचे. ओढ, आणि सोड.

कुऱ्हाडीच्या दिवसांत हे छान चाललं. घाव थांबला की शब्द ऐकू यायचा. मग शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराला आम्ही साखळीच्या करवतीचं मशीन घेतलं. काम झपाट्यानं व्हायला लागलं, पण आमचे कान गेले. अध्यक्षमहाराज, तुम्हीच सांगा, ह्या दोन शब्दांत फरक तो किती? पुढचा एक 'स'. तो मशीनच्या आवाजात वरच राहतो. आणि 'ड' काय नि 'ढ' काय, पानांतून खाली येईस्तोवर एकच होतात!

एकदा गंगापूर रोडला एका बंगल्यात शिरीष छाटत होतो. दादांचा पंजा दोर आणि फांदी यांच्यामधे सापडला. ते ओरडले, "सोड!" आम्ही ओढलं. ते आणखी जोरात ओरडले. आम्ही आणखी जोरात ओढलं, दोघांनी मिळून, पाय रोवून. तेव्हा कळवळून ह्या माणसाच्या तोंडून वेगळीच हाक निघाली, "फुलाबाईऽऽ!"

मंडळी, ज्या माणसानं जन्मात बायकोला नावानं हाक मारली नाही, घरात "अगं" आणि "ऐकलं का" यावर ज्याचा संसार चालला, लग्नात नाव घ्या म्हटल्यावर ज्यानं अख्ख्या मांडवाला घाम फोडला, तो भर दुपारी झाडावरून बायकोच्या नावानं ओरडतोय! आमचे हात आपोआप ढिले पडले. दोर सुटला, पंजा मोकळा झाला, फांदी अलगद खाली आली.

त्या दिवशी चहाच्या टपरीवर बराच खल झाला. शिट्टी वाजवावी, तर कॉलनीतल्या लोकांचा भलताच समज व्हायचा. 'लूज' म्हणावं, तर तो शब्द दुसऱ्या फांदीपर्यंतही पोचत नाही. शेवटी मंगळू म्हणाला, "मंग फुलाबाईच म्हना की. तेवढं लय साफ ऐकू आलं." आणि तेच ठरलं. तेव्हापासून ओढायचं असेल तर 'ओढ', आणि सोडायचं असेल तर 'फुलाबाई'. बंगल्यातल्या बाया विचारायच्या, "अहो, ही फुलाबाई कोण? तिला चहा द्यायचा राहिला का?"

हे सगळं शहराला माहीत झालं. माहीत नव्हतं फक्त फुलावहिनींना.

एके दिवशी दादा डबा विसरले. वहिनी भाकरी घेऊन कामावर आल्या. त्या फाटकातून आत यायला आणि दादांनी वरून हाक मारायला एकच गाठ पडली. "फुलाबाईऽऽ!" विचार करा, त्या माउलीनं नवऱ्याच्या तोंडून स्वतःचं नाव पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही आभाळातून! कुठलीही बाई काय करेल? हाकेला ओ देईल. वहिनींनी दिली. चांगली खणखणीत, "ओऽऽ!"

आम्ही ऐकलं, 'ओढ'.

चूक माझी की वहिनींची, यावर आमचा आजतागायत वाद आहे. आम्ही ओढलं. अर्धी कापलेली फांदी उलटी वर गेली आणि दादांच्या छातीवर आदळली. पाय सुटले. कमरेला साधा नायलॉनचा दोर होता, त्यावर ते लोंबकळत राहिले, मान खाली टाकून. आम्ही त्यांना कसं उतरवलं, हे मला नीट सांगता येणार नाही. बरगड्या दुखावल्या होत्या, पण शुद्ध होती.

वहिनी डोक्याशी बसल्या. रडतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "माझं नाव कशापायी घेत व्हते वर?"

दादा म्हणाले, "सोडाया."

"मला?"

"दोर गं, दोर!"

त्यानंतर वहिनींनी काय केलं, हे अश्विनशेठ जास्त चांगलं सांगतील, पण ते लाजाळू आहेत. वहिनी एकट्या सिटी बसनं अंबडला गेल्या. शेठना म्हणाल्या, "मानूस निसटला तरी पडनार नाय, असा पट्टा दाखवा." शेठनी कारखान्यात उंचावर काम करणाऱ्यांचा, खांद्या-मांड्यांतून येणारा पट्टा दाखवला. वहिनींनी तो तिथल्या तिथे लुगड्यावरून चढवला आणि दुकानातल्या माणसांना हुकूम सोडला, "मला त्या अँगलला टांगा." टांगलं! गिऱ्हाईकं बघत होती, आणि ही बाई अधांतरी हेलकावे खात शिवण तपासत होती. खाली उतरून म्हणाल्या, "बरा हाय. द्या." शेठ, खोटं असेल तर सांगा. बघा, मान डोलावतायत.

तेव्हापासून आमच्या दोराची तपासणी वहिनींकडे असते. उन्हात बसून सगळा दोर हातातून सरकवतात, एक धागा उसवलेला दिसला की तो दोर गेला कपडे वाळत घालायला. तुमच्यापैकी कितीजणांनी त्यांचं बघून पट्टे घेतले, मी नावं घेत नाही. घेतले ते आज इथे बसलेत, एवढंच पुष्कळ आहे.

आणि तो शब्द? आम्ही सगळे म्हणालो, बदलू या. वहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. त्या नावानं दोर सुटतो ना? मंग मी ओ देनार नाय." मंडळी, ही बाई डबा घेऊन झाडाखाली उभी राहायची, वरून नवरा तिच्या नावानं ओरडायचा, आणि ती ओठ घट्ट मिटून जमिनीकडे बघायची. इतकी वर्षं! आपल्या नावाला गप्प राहणं सोपं असतं का हो? मला तर जमलं नसतं.

तर दादा, आता उठा. माईक घ्या. आज मशीन बंद आहे, मधे पानं नाहीत. वहिनींना एक हाक मारा, नावानं. पण आधीच सांगून ठेवतो, आपल्या भाषेत त्या नावाचा अर्थ एकच आहे. तुम्ही ते घेतलंत की मी दोर सोडणार. मग चिंच लोंबकळू दे, नाहीतर गुलमोहर. आणि वहिनी, आज ओ द्यायला काही हरकत नाही.

घ्या दादा. ... अहो, इतक्या हळू? गंगापूर रोडला दोन गल्ल्या ऐकू जायचं! परत एकदा. ...

ऐकलंत मंडळी? आणि ओसुद्धा ऐकलीत. दादा, मी दोर सोडलाय. माझे हात बघा, रिकामे आहेत. मला रडू येतंय, तेवढं चालवून घ्या.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, हॉल देणाऱ्या मंडळाचे आणि लांबून आलेल्या सर्वांचे मनापासून आभार. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला गरजेपेक्षा जास्त छाटलं गेलं असेल, तर नवा फुटवा येईलच असं समजून माफ करा. पेढे घेतल्याशिवाय जाऊ नका.

आणि दादा, वहिनी व्यासपीठावर का आल्या नाहीत, हे मी सकाळी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "मी वर येनार नाय. त्यांनी खाली यावं." ह्या बाजूला तीन पायऱ्या आहेत. सावकाश उतरा.