माल जैसे थे ठेवा!

...अवो हसता काय? तुमाला हसायला काय लागतंय, तुमच्या सतरंज्या थोड्याच उल्हास नदीत न्हाल्या? माज्या न्हाल्या! सतरंज्या, कनाती, घडीच्या खुर्च्या, दोन कर्णे आणि माजं लाऊडस्पीकरचं मशीन, सगळं एका रात्रीत पाण्यात! आणि एवढं होऊन इमा कंपनीचा साहेब आला, तर जाताना माज्याच पाठीवर थाप मारून बोलतो, "मोरूभाऊ, माल उत्तम आहे हो तुमचा!" उत्तम! नुकसान बगायला आलेला माणूस, आणि माल उत्तम! आणि हे सगळं कशापायी? दोन शब्दांपायी. जैसे थे!

थांबा, पयल्यापासनं सांगतो. आमचं गाव कर्जत नि नेरळच्या मधी, नदीच्या वळणावर. माजं मंडपाचं काम. बारसं असो, लगीन असो, मोरू मंडपवाला बोललं का शेंबडं पोरगंबी घर दाखवतं. तर त्र्याऐंशी साली आला वाल्मिक. खोपोलीचा, इम्याचा एजंट, माज्या बायकोचा, शकूचा, लांबचा भाऊ. बोलतो, "भावजी, मालाचा आगीचा इमा काढा." मी बोललो, "अरं, हितं पावसाचे चार महिने काडी पेटत नाय, चूल फुंकून फुंकून तुज्या बहिणीचे डोळे सुजतात, आग लागायची कुठनं?" "मंग त्यात पूर घालू." मी बोललो, "आमच्याकडं पूर येत नाय." "नदीकाठी राहता नि पूर येत नाय?" "नाय. पाणी भरतं." "अवो, मंग तोच पूर!" "तोच कसा? पूर म्हंजे आपण पुलावर बगायला जातो तो. आपल्याला बगायला घरात येतं, ते पाणी!"

त्यानं कपाळाला हात लावला. मंग मीच त्याला समजावलं. म्हटलं, बाबा, नदी समोर हाय, पण पाणी समोरनं येत नाय, मागनं येतं. नदी फुगली का मागच्या ओढ्याला नदीत शिरायला वाट मिळत नाय, मंग तो माघारी फिरतो नि सरळ माज्या परसात! हितं ऊन पडलेलं का असंना, वर खंडाळ्याच्या घाटात काळं झालं का आमी चपला उचलून ठेवतो. वाल्मिक बोलतो, "भावजी, एवढं कळतं तर माल खाली कशाला ठेवता? माळ्यावर ठेवा की!" आता माळ्यावर शकूचं भात! भात खाली ठेवून भिजलं तर वर्षभर काय कनाती खायच्या? शेवटी पुरासकट काढला इमा.

आणि त्याच श्रावणात भरलं पाणी. असं भरलं, असं भरलं... उंबऱ्याला लागल्याबरोबर शकूनं खण-नारळ काढला, ओटी भरली, हात जोडले, "बाई, आलीस तशी जा." बाई कसली जाते! दोन दिवस माहेरपण करून गेली नि जाताना घोटाभर चिखल ठेवून गेली. पण मी तुमाला खरं सांगतो, मी मनातनं खूश होतो. कारण मशीन जुनं झालं होतं, नेरळच्या मंडपवाल्यानं नवं कोरं आणलं होतं, आणि मला नवं नाय मिळालं तर गणपतीच्या सगळ्या सुपाऱ्या त्याच्याकडं जाणार हे दिसत होतं. म्हटलं, आता कंपनी देईल! वाल्मिकला निरोप धाडला.

तर एके दिवशी फाट्यावर उभा हाय, खोपोलीची एसटी आली. थांबली नाय हां, खड्डा होता म्हणून हळू झाली. खिडकीतनं वाल्मिकचं डोकं बाहेर. "भावजीऽऽ! बेस्तरवारी साहेब येतायत! माल जैसे थे ठेवाऽऽ!" आणि गेली एसटी!

आता बगा, "हात लावू नका" बोलला असता तर काय जीभ झडली असती? मी आलो शकूरभाईकडं. शकूरभाई म्हंजे माजा माइकवाला, सगळी जवानी भेंडीबाजारात काढल्याली, त्याचं हिंदी पक्कं. मी विचारलं, "शकूरभाई, जैसे थे म्हंजे काय रं?" तो बोलला, "सोपं हाय मोरूभाऊ. है म्हंजे हाय. था म्हंजे होता. जैसे थे, म्हंजे पैले जैसे थे, वैसे! पाण्याच्या आधी माल कसा होता, तसा करून ठेवायचा." मी बोललो, "नक्की?" तर बोलतो, "जैसे हैं तर नाय ना बोलला तो? थे बोलला ना?" आता सांगा, ह्यात चूक काढून दाखवा!

मंग काय! अख्खी आळी कामाला लागली. ज्या नदीनं घाण केली तिच्याच पाण्यात बायांनी सतरंज्या आपटल्या. श्रावणातलं ऊन, आत्ता हाय आत्ता नाय, धावत वाळत घालायच्या नि धावत काढायच्या. खुर्च्या घासल्या, कर्णे राखेनं लखलख केले. शकूरनं मशीन उघडून चुलीपाशी शेकवलं, बाळंतिणीला शेकवावं तसं, ते आधी खोकलं नि मंग बोललं! शकूनं तर भिंतीवरची पाण्याची रेघसुद्धा चुन्यानं बुजवली. माल जैसे थे! वरनं बोलती, "मुंबईचा साहेब यायचा, नि मंडपवाल्याच्या दारात मंडप नाय? लोक तोंडात शेण घालतील." घातला मंडप! झालर लावून घातला!

साहेब आले. सबनीस साहेब, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात, चिखल शोधत शोधत, बगळ्यागत एकेक पाय उचलत. "इथे ते पूरग्रस्त मोरू मंडपवाले कोण?" मी बोललो, "मीच. बसा." बसले. "भिजलेल्या खुर्च्या दाखवा." "त्याच्यावरच बसलाय तुमी." "कनाती?" "वर बगा." "आणि तो बिघडलेला लाऊडस्पीकर?" मी तोंड उघडतोय तोवर कर्ण्यातनं शकूरचा आवाज, "मुंबईहून आलेले सन्माननीय सबनीस साहेब, यांचं आमच्या गावात हार्दिक, हार्दिक स्वागत!" पार स्टेशनापर्यंत ऐकू गेलं!

साहेबांनी विजार खाली सोडली. बोलले, "मोरूभाऊ, मग पुराचा पुरावा काय?" मी बोललो, "पुरावा धुतला ना साहेब! तुमचाच वाल्मिक बोलला, जैसे थे!" त्यांनी अर्थ सांगितला, का जैसे थे म्हंजे जसं हाय तसं. मी बोललो, "मंग 'थे' कशाला म्हंता? जे हाय त्याला 'होतं' म्हणायची तुमच्या हापिसात पद्धत हाय का?" साहेब हसाय लागले. असे हसले, असे हसले का खुर्चीचा पाय निघाला नि साहेब खाली! तेवढी एक खुर्ची मंजूर झाली बगा.

माणूस मात्र सोन्यासारखा. पंगतीला बसला, वालाचं बिरडं दोनदा मागून घेतलं, अळूवड्या किती खाल्ल्या ते मी मोजलं नाय. नदीनं पाणी भरलं, मी हप्ता भरला, शकूनं ओटी भरली, साहेबांचं पोट भरलं, भरपाई तेवढी भरायची राहिली! जाताना मला धीर दिला, "काळजी करू नका, असा पूर शंभर वर्षांतून एकदाच येतो."

गणपती केले त्याच मशीनवर. आरती गुळण्या करत म्हटल्यागत ऐकू यायची, पण गावातल्यांनी सुपारी माज्याकडंच ठेवली, त्याचा आनंद हाय. आणि पुढच्या श्रावणात परत भरलं पाणी! शंभर वर्षं लवकर झाली यंदा!

ह्या खेपेला मी दारात दांडकं घेऊन बसलो. कुणी कशाला हात लावायचा नाय! चिखल तसाच, घाण वास तसाच, एका कर्ण्यात बेडकानं बिऱ्हाड केल्यालं. शकू माज्याशी बोलत नाय, शेजारी जाऊन भाकऱ्या थापते. पण मी बोललो, आता मशीन शेवटचे आचके देतंय, ह्या वेळी नवं येणार म्हंजे येणार!

आले सबनीस साहेब. मी खुशीत पुढं झालो, "बगा साहेब, ह्याला म्हंतात जसं हाय तसं!" तर साहेबांचं तोंड एवढंसं. इकडं बगतात, तिकडं बगतात. हळूच बोलले, "मंडप... नाही का आज?" आणि मागं बगितलं, तर त्यांची बाई! नवी साडी नेसून, निऱ्या दोन्ही हातांनी वर धरून, संग दोन पोरी. साहेब बोलले, "वर्षभर घरी सांगतोय हो, तिथे कर्ण्यावरून नाव पुकारतात म्हणून. यांना दाखवायला आणलं. असू दे, मी आधी नुकसान लिहून घेतो."

तर शकू पुढं! "लिवाल सावकाश, आधी बाईंना बसायला खुर्ची तर धुऊन देऊ द्या!" धुतली खुर्ची. आता धुतलेली खुर्ची चिखलात कशी ठेवायची? म्हणून सतरंजी धुतली. तेवढ्यात वरनं सर आली, पोरी भिजाय लागल्या... म्हणून मीच, तुमाला सांगतो, माज्या ह्या हातांनी बांबू उचलला. मशीन शकूरभाईनं परत चुलीपाशी शेकवलं, बेडूकबी त्यानंच काढला.

अळूवड्या झाल्यावर साहेबांनी कागद काढला, चकचकीत मंडपाकडं एकदा बगितलं नि बिचाऱ्या तोंडानं मलाच विचारलं, "मोरूभाऊ, आता मी लिहू काय?" मी बोललो, "साहेब, आधी बाईंचं नाव लिवून द्या. शकूर केवाचा माइक धरून उभा हाय!"