ओळखीनं मिळालेली साईट

...आणि वर म्हणायचं काय, तर सूनबाई बोलत नाही! अहो, बोलेन कधी? मधे कुणी श्वास घेतला तर ना! लग्न होऊन साताऱ्याहून बंगळूरला आले, तेव्हापासून या घरात मी म्हणून जे वाक्य सुरू केलं ते 'अहो, पण...' याच्यापुढे कधी गेलेलंच नाही, तुम्हाला सांगते. 'अहो, पण' एवढं म्हणायचं की पुढचं वाक्य दुसऱ्याच कुणाचं तरी! म्हणून आज तुम्ही समोर गप्प बसून ऐकताय ना, तर मला कसंतरीच होतंय... पण बसा, बसा. उठू नका.

तर आमचं मल्लेश्वरमचं घर. घर कसलं, वठार! एक अंगण, अंगणाभोवती ओळीनं बिऱ्हाडं आणि सगळ्यांत मिळून एक नळ. त्यात आमच्या वाट्याला दीड खोली. एकीत सासूबाई आणि स्वयंपाक, अर्धीत मी आणि आमचे हे. आणि मधे भिंत? छे! मधे सासूबाईंची जुनी इरकली साडी, दोरीवर टाकलेली. नवीन लग्न झालेल्या माणसांनी इरकली साडीच्या अलीकडे बोलायचं तरी काय, सांगा बरं? ह्यांनी एकदा माझ्या कानाशी येऊन अगदी हळूच म्हटलं, "रविवारी सिनेमाला जाऊ या?" तर साडी म्हणाली, "रविवारी नको रे अरविंदा, शेषगिरीमामा येणार आहे जेवायला!"

मला काही राजवाडा नको होता हो. बाग नको, गच्ची नको. आतून कडी लागणारं एक दार पाहिजे होतं. बास! बाकीचं घर त्या दाराभोवती कसंही बांधा.

आणि एके दिवशी हे कारखान्यातून आले ते डोळे चमकवतच. हे कारखान्यात नकाशे काढतात, म्हणून उत्साह आला की आधी ह्यांची पेन्सिल कानावरून खाली येते. "साईट बघून आलोय!" म्हणाले. इथं जमिनीच्या तुकड्याला साईट म्हणतात. इथं माणूस भेटला की तब्येत विचारत नाहीत, साईट घेतली का विचारतात. मग काय, काडु मल्लेश्वराच्या दर्शनाला जातो असं सासूबाईंना सांगितलं, देवाला बाहेरूनच हात जोडले आणि ह्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून मी निघाले यशवंतपूरच्या वाटेला.

काय ती जागा! तळ्याच्या वरचा चढ, लाल माती, चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेघा आणि कोपऱ्याच्या साईटवर एक करंजाचं झाड, हे एवढं डेरेदार! मी त्या झाडाखाली उभी राहिले आणि मनातल्या मनात दार लावून कडीसुद्धा घातली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे बघितलं. लग्नानंतर आमचं पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीवर सविस्तर बोलणं झालं ते असं, न बोलता!

हा सगळा मूळचा मळा, त्याचे मालक कल्लाप्पा. मूळचे बेळगावकडचे. धोतर, कोट, डोक्याला फेटा. ह्यांनी मोठ्या ऐटीत विचारलं, "ही कोपऱ्याची द्याल का?" कल्लाप्पांनी आम्हाला फेट्यापासून चपलेपर्यंत, म्हणजे त्यांच्या फेट्यापासून आमच्या चपलेपर्यंत, न्याहाळलं आणि म्हणाले, "कुनाच्या वळखीनं आलासा?" हे म्हणाले, "कुणाच्या नाही. आपले आपणच." कल्लाप्पा हसले. "सायेब, म्या जमीन इकत न्हाई, म्या शेजारी गोळा करतुया. माझं बी घर हितंच हाय न्हवं! वळखीचं कोन तरी घिऊन या, मग बघू."

झालं! हे घरी येऊन डोकं धरून बसले आणि नेमका त्याच वेळी शेषगिरीमामा आला. हा सासूबाईंचा धाकटा भाऊ. आयुष्यभर स्वतः भाड्याच्या घरात, पण जागेबद्दल सल्ला द्यायचा म्हटलं की पितळी वाटीतली कॉफी हलवत अशा थाटात बोलतो, जणू निम्मं बंगळूर ह्यानंच विकलंय. म्हणाला, "वेडा आहेस की काय रे अरविंदा? जागा पैशानं नाही मिळत. ओळखीनं मिळते! आधी ओळख वाढवून सोड!"

मी म्हटलं, "अहो, पण..."

"बरोबर!" मामा म्हणाला, "सूनबाईलाही पटलं!"

आणि तुम्हाला सांगते, त्या दिवसापासून आमच्या घरात ओळख वाढायला लागली. अशी वाढली, अशी वाढली, की कॉफीची पूड पुरेना! जो दिसेल त्याला हे घरी घेऊन यायचे. बसवायचे, आणि आधी मळ्याचा पत्ता सांगायचे, मग झाड सांगायचे, मग कोपरा सांगायचे आणि मग विचारायचे, "कल्लाप्पा ओळखीचे आहेत का हो?" ओळखीचे नसायचेच. पण म्हणून काय कोणी कॉफी तशीच ठेवून उठलं? सल्ला दिल्याशिवाय कॉफी पचत नाही इथल्या माणसांना!

बसवंत म्हणून ह्यांच्या कारखान्यातले. ते डोळे मिटून बोलतात. "हे बघा, जागेकडे बघूच नका. विकणाऱ्याला भाऊ किती ते बघा! सगळ्या भावांच्या सह्या झाल्या का? बहिणींच्या? विहिरीचं पाणी पिऊन बघा. एकदा सकाळी जा, एकदा भर पावसात जा, आणि सांगून जाऊ नका. रस्ता नुसता नकाशात आहे की पायाखाली पण आहे, ते चालून बघा!" खरं सांगू? सल्ला सोन्यासारखा होता. फक्त तो ऐकताना आमचे हे बसवंतांना नकाशा काढून दाखवत होते, मळ्याला जायचं कुठून ते!

मग भीमाचार्य, वठारातले आमचे शेजारी. पंचांग, वास्तू, मुहूर्त, सगळं त्यांच्याकडे. ह्यांनी हौसेनं घराचा नकाशा काढला होता. त्यात माझं दार होतं, कडीसकट! आचार्यांनी पेन्सिल मागून घेतली. "छे छे, अरविंदराव! स्वयंपाकघर आग्नेयेला. देव ईशान्येला. हे दार इथं? यमाचं तोंड आहे ते! स्वल्प सरकवा." स्वल्प सरकवता सरकवता माझं दार न्हाणीघरात गेलं, तिथून जिन्याखाली गेलं आणि शेवटी आचार्यांनी ते खोडरबरानं पुसूनच टाकलं. मी म्हटलं, "अहो, पण..." तर म्हणाले, "पण-बिण नाही हो ताई, शास्त्र आहे!" आणि जाताना दारात थांबून ह्यांना विचारलं, "पूर्वेकडे तोंड असलेली साईट शिल्लक आहे का हो तिथं?" सहज. आपलं माहीत असावं म्हणून.

एवढ्यात आला चैत्र. वसुमतीअक्कांकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. अक्का म्हणजे आमच्या गल्लीतलं मोठं प्रस्थ. त्यांच्या गौरीला आख्खं मल्लेश्वरम लोटतं. माझी पहिली चैत्रगौर. नवी नवरी म्हटल्यावर उखाणा आलाच. मी आपला साताऱ्याहून एक साधासा बांधून आणलेला होता, चांदीचं ताट वगैरे. तर आदल्या दिवशी ह्यांच्या डोक्यात आलं, "अगं, एवढ्या बायका येणार! एकीचा तरी नवरा, भाऊ, दीर कल्लाप्पांच्या ओळखीचा निघेलच की नाही? ओळख वाढवायची तर अशी! तू उखाण्यात साईट घाल!"

मी म्हटलं, "अहो, पण..."

"पण काय? मी रचून देतो!"

आता नवऱ्यानं स्वतःच्याच नावाचा उखाणा स्वतःच रचून बायकोला पाठ करायला दिलाय, असं कधी ऐकलंय का तुम्ही? पण दिला! आणि मी, जिचा आवाज या गावात कुणी ऐकला नव्हता ती मी, आंबेडाळीची वाटी हातात घेऊन भर हळदीकुंकवात उभी राहिले आणि खणखणीत म्हटलं,

'यशवंतपूरच्या वाटेवरती करंजाची सावली,
कल्लाप्पांच्या मळ्यात अरविंदरावांनी कोपऱ्याची साईट पाहून ठेवली!'

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, चुकलं की काय? आणि मग टाळ्या! अशा टाळ्या की गौरीचा झोपाळा हलला! "अय्यो, किती छान गं!" वसुमतीअक्का म्हणाल्या, "परत म्हण बघू. हळू म्हण. यशवंतपूरच्या कुठल्या वाटेवर म्हणालीस?"

मी परत म्हटलं. काय करणार? वडीलधाऱ्यांनी सांगितलं म्हणजे म्हणायला नको?

त्यानंतरच्या रविवारी आम्ही मळ्यावर गेलो, तर तिथं ही जत्रा! वसुमतीअक्का यजमानांसह जटक्यातून, म्हणजे इथल्या टांग्यातून, उतरतायत. भीमाचार्य होकायंत्र घेऊन पूर्व शोधतायत. बसवंत विहिरीचं पाणी ओंजळीनं पितायत, डोळे मिटून! आणि करंजाच्या झाडाखाली, माझ्या झाडाखाली, माझ्या कडीच्या जागेवर पाय पसरून कोण बसलंय म्हणता? शेषगिरीमामा! "ये रे अरविंदा! कल्लाप्पाचा जावई माझ्या शाळासोबत्याचा साडू निघाला! बघितलंस? मी काय सांगत होतो? जागा ओळखीनं मिळते! कोपऱ्याची घेऊन सोडली!"

आमचे हे झाडाकडे बघतच राहिले. मग हळूच माझ्याकडे बघितलं. रागवायचं कुणावर? उखाणा ह्यांचा, आवाज माझा.

तेवढ्यात कल्लाप्पा आले. आनंदानं फेटा नुसता डुलत होता. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय सायेब! एवढी मानसं तुमच्या वळखीची! पयलंच सांगायचं न्हाई का? आता तुमास्नी न्हाई कसं म्हनू? ही मधली ऱ्हायलीया बगा. तुमचीच!"

मधली! म्हणजे डावीकडे मामा, उजवीकडे आचार्य, मागे अक्का, समोर बसवंत. आणि मधे आम्ही, लाडवातल्या बेदाण्यासारखे.

घेतली हो. न घेऊन काय करता? सगळ्यांनी भिंतीला भिंत लावून घरं बांधली, मधे आम्हीही बांधलं. बांधताना पाया मामानं सांगितला तसा, चौकट आचार्यांनी सांगितली तशी, रंग अक्कांनी सांगितला तसा. पण एक गोष्ट झाली, आमचे हे शहाणे निघाले! मला न सांगता ह्यांनी नकाशात ते पुसलेलं दार परत काढलं. आचार्य बघतायत म्हटल्यावर त्याला 'कपाट' असं नाव दिलं. आणि बळेपेटेच्या बाजारातून स्वतः जाऊन पितळेची कडी आणली. केवढी जाड! हत्तीनं ओढली तरी निघायची नाही.

परवाच वास्तुशांत झाली. संध्याकाळी सासूबाई भावाकडे गेल्या, म्हणजे भिंतीपलीकडे. ह्यांनी मला आत बोलावलं, दार लोटलं आणि कडी घातली. खट्ट! अहो, काय तो आवाज! मग माझ्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "हं. आता बोल. इतके दिवस 'अहो, पण' म्हणून तुला काय सांगायचं होतं?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी पदर सावरला. म्हटलं, "अहो, पण..."

"अरविंदा!" डावीकडची भिंत म्हणाली. "आतून कडी कशाला रे? सगळी ओळखीचीच माणसं की!"

"स्वल्प तिरकी बसलीय ती," उजवीकडची भिंत म्हणाली. "आवाजावरून कळतंय!"

आणि मागच्या खिडकीतून अक्का, "कॉफी टाकतेयस का गं? मग आमचीही टाक!"

काय करणार? काढली कडी. ठेवलं आधण... आणि तुम्हीही काय, साईट बघायलाच आलाय ना या बाजूला? मागच्या ओळीत एक मोकळी आहे अजून. कल्लाप्पा विचारतील, कुणाच्या ओळखीनं आलात? माझं नाव सांगा बिनधास्त. एवढं सगळं ऐकून घेतलंत, आता तुम्ही काय परके आहात? बसा, तुमचीही टाकते.