चौथा रंग

प्रुदान्स : नाही म्हणजे नाही, बाबा! तो आंब्याच्या रंगाचा कोट आधी खुंटीला लावा.

बिकिंदू : अगं, बघ तरी. आंबा कोट, जांभळी पँट, पांढरा सदरा. बूटही पांढरे. तीनच रंग. अगदी नियमाला धरून.

प्रुदान्स : व्हियानीचे बाबा कसे आहेत ते सांगितलंय ना मी? बारा महिने काळा सूट आणि पांढरा सदरा. घरात कुणी रंगीत मोजे घातले तरी अबोला धरतात.

बिकिंदू : काळा सूट हा काही सूट नव्हे, पोरी. ते पातेल्यावरचं झाकण आहे. आत काय शिजतंय ते कुणाला कळू नये म्हणून.

प्रुदान्स : तुम्ही करडा घाला.

बिकिंदू : तो मयतीचा आहे!

प्रुदान्स : तुमची जीभ सुटली तर आज माझ्या लग्नाची मयतच आहे. आत्याच्या मयतीच्या वेळी फादरना काय म्हणालात, आठवतंय?

बिकिंदू : जांभळा, पांढरा, सोनेरी, आणि खाली निळे बूट! मी काही म्हणालो नाही. फक्त मोजले.

प्रुदान्स : शवपेटी खांद्यावर असताना! मोठ्यानं!

बिकिंदू : हळू मोजले असते तर त्यांना कळलं कसं असतं? अंगावर चौथा रंग चढला की माणसाचा विदूषक होतो. सगळ्या ब्राझाव्हिलला हे ठाऊक आहे.

प्रुदान्स : असू दे. आज कुणाच्या कपड्यांवर एक अक्षर बोलायचं नाही. व्हियानीच्या बाबांनी दोनदा नकार दिलाय, बाबा, आणि कारण सांगत नाहीत. आज कसेबसे ताडीचा बुधला घेऊन येतायत. बुधला इथे उघडला तर सोयरीक. बंदच परत नेला तर संपलं. आणि मला व्हियानीच हवाय. शपथ घ्या.

बिकिंदू : घेतली. कुणाची घेऊ?

प्रुदान्स : तुमच्या मगरीच्या कातड्याच्या बुटांची.

बिकिंदू : अगं, माझ्या जिवाची घेतो की! बुटांना कशाला मध्ये आणतेस?

(दार वाजतं. प्रुदान्स व्हियानीच्या बाबांना, मसेंगोंना, आत आणते. काळा सूट, काळा टाय, पांढरा सदरा. पण पायात तपकिरी बूट आणि वरच्या खिशात पोपटी रुमाल. हातात बुधला.)

बिकिंदू : या, या, मसेंगो. बसा. ह… हे…

प्रुदान्स : बाबा!

बिकिंदू : हे… हे हवामान फार दमट आहे, म्हणत होतो.

मसेंगो : या बाकोंगो मोहल्ल्यात दमटच असायचं. लग्नाआधी मी इथेच राहायचो, बाजाराच्या मागे. काय हो, वर काय बघताय?

बिकिंदू : पाल.

मसेंगो : कुठे आहे?

प्रुदान्स : गेली, काका.

मसेंगो : हा रुमाल जरा वर काढतो. नीट दिसत नसेल तुम्हाला. कसा वाटतो?

बिकिंदू : पोरी, पाणी आण.

प्रुदान्स : तुमच्या हातातच आहे.

बिकिंदू : मग दुसरं आण!

मसेंगो : आणि बूट? काळ्या सुटाखाली तपकिरी. तुम्ही यातले जाणकार, सगळा मोहल्ला सांगतो.

बिकिंदू : चा…

प्रुदान्स : मगर, बाबा. मगर.

बिकिंदू : चा… चालतात. चालायलाच तर असतात बूट.

मसेंगो : तुमच्या डोळ्यांत पाणी आलं.

बिकिंदू : मासळीत मिरची जास्त पडली दुपारी.

मसेंगो : बिकिंदू, तुम्ही मला ओळखलं नाहीत.

बिकिंदू : नाही बुवा.

मसेंगो : रुमाल तोच आहे. बूट तेव्हाचे फाटले, हे तसेच शोधून आणले. रविवारचा नाच होता. तुम्ही गुलाबी सुटात. बँड थांबवलात, हातातली छडी माझ्याकडे रोखलीत आणि मोजायला लागलात. एक, दोन, तीन, चार! मग सगळा बार तुमच्याबरोबर मोजायला लागला. मी पोरगेलासा होतो. माझ्याकडे बुटांचा तो एकच जोड होता.

बिकिंदू : तेव्हा मी… पुष्कळांचे मोजायचो.

मसेंगो : तुम्ही पुष्कळांचे मोजलेत. माझे एकदाच मोजले गेले. दुसऱ्या दिवशी काळा सूट शिवायला टाकला. काळ्यापांढऱ्यात कुणाला मोजायला काही उरत नाही.

प्रुदान्स : म्हणून नाही म्हणत होतात, काका?

मसेंगो : व्हियानी भोळा आहे. चोरून पिवळे मोजे घालतो, मला दिसतात. या घरात जेवायला बसला आणि कुणी त्याचे रंग मोजले तर? म्हटलं, आज बघूनच घ्यावं. तुझे बाबा बोलले की बुधला उचलायचा आणि निघायचं.

बिकिंदू : मी बोललो नाही.

मसेंगो : नाही बोललात. पण जीव कसा कासावीस होत होता, तेही बघितलं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

बिकिंदू : अजून होतोय.

मसेंगो : पेले आणा.

बिकिंदू : उघडला! पोरी, बुधला उघडला!

प्रुदान्स : दिसतंय मला. ओरडू नका.

बिकिंदू : व्याही, आता बोललं तर चालेल? एकच. रुमाल झकास होता. तेव्हाही. चुकले होते ते बूट.

मसेंगो : हे तेव्हा का नाही सांगितलंत?

बिकिंदू : बँड पुन्हा सुरू झाला होता.

मसेंगो : हं… प्रुदान्स, मुलीचा होकार घ्यायची रीत आहे म्हणून विचारतो. तुझ्या बापानं ही ताडी प्यावी का?

प्रुदान्स : प्या, बाबा. पण काका, रागावू नका, एक काहीतरी काढा हो अंगावरचं. आल्यापासून मी मनातल्या मनात चारपर्यंत मोजतेय. दातखीळ बसायची बाकी आहे.

बिकिंदू : माझी पोर! बघा, माझीच पोर!

प्रुदान्स : रुमाल ठेवून देऊ का आत, काका?

मसेंगो : नको, पोरी. बूट काढतो. मोजे काळेच आहेत. रुमाल राहू दे, फार वर्षांनी हिरवं घातलंय.