धाकट्या जाऊबाईंचा वेळ

...आणि वर मलाच म्हणते, ‘ताई, वेळ मिळत नसतो, वेळ काढावा लागतो!’ आता काय बोलायचं सांगा! कोण म्हणजे? माझी धाकटी जाऊ, दुसरं कोण? वरच्या मजल्यावर राहते, बँकेत नोकरी, पदरात दोन मुलं, आणि तरी बाई रोज सकाळी पोहायला जाते. आणि मी? खालच्या खोलीत शिलाई मशीनवर लोकांच्या पँटी आखूड करत बसलेली. तुम्हाला सांगते, नुसता जळफळाट होतो माझा. खोटं कशाला बोलू?

अहो, ठरवलं दोघींनी एकाच दिवशी होतं. मूळ कल्पना माझी हं! लहानपणापासूनची हौस माझी. पोहायचे ड्रेससुद्धा एकाच दुकानातून घेतले. तिचा भिजून भिजून विटला, माझा अजून घडीत आहे, लेबलसकट.

जाणार होते हो मी! पण पिशवी भरली रे भरली, की जिन्यावरून हाक येणार, ताई, मुलांना जरा बसमध्ये बसवाल? तुम्ही काय, घरीच असता... बसवते. मग सासूबाईंचा दवाखाना, डॉक्टर तुम्हालाच ओळखतात ना... नेते. मग तिचा नळ गळतो, नळवाला येणार, किल्ली कुणाकडे? माझ्याकडे! हे सगळं उरकून मशीनवर बसावं, तर गिऱ्हाईक दारात, झाली का पँट? कुठून होणार, कप्पाळ? आणि तेवढ्यात ही ओले केस पुसत येते, गाल कसे टवटवीत, आणि म्हणते काय, तर वेळ काढावा लागतो!

बरं, मागच्या आठवड्यात तिची स्पर्धा. आदल्या दिवशी ड्रेस घेऊन हजर. खांद्याचा पट्टा उसवलाय, दोन टाके घाला ना ताई. तुम्हाला म्हणून सांगते, कुणाला बोलू नका... मनात आलं, एक टाका कच्चा सोडावा. एकच! हिनं उडी मारली की... पण हात मेला ऐकेना. इतक्या वर्षांची सवय! डबल शिलाई मारून बसले.

पहिली आली ना! मी आपली काठावर, एका हातात तिचा टॉवेल, दुसऱ्या हाताला तिची पोरं, खांद्याला तिची पर्स. लोक विचारतायत, नोकरी, घर, मुलं सांभाळून जमतं कसं हो? ही मान वेळावून म्हणते, ‘वेळ काढावा लागतो!’ अगं भवाने, कुठून काढतेस ते पण सांग की! माझ्या सकाळच्या वेळातून काढतेस! म्हणजे बघा, हिच्या ज्या वेळावर मी वर्षभर जळत होते, तो वेळ माझाच निघाला.

ठरवलं, आज बोलायचंच. घरी आल्या आल्या म्हटलं, ‘हे बघ, उद्यापासून सकाळी मी पोहायला जाणार.’

इतकी खूष झाली, गळ्यातच पडली माझ्या. ‘जाच ताई, कधीची सांगतेय! फक्त पुढच्या महिन्यात माझी मोठी स्पर्धा आहे, तेवढी होऊ द्या. आणि हो, तुमचा तो ड्रेस नुसताच पडलाय ना? मला द्याल? जरा कमरेत घेतला की बसेल.’

मग काय करणार? घेतला कमरेत. लेबलही मीच काढलं... पाण्यात टोचायला नको तिला.