आपोआप दबणारं बटण

—न्हाय न्हाय, त्या खुर्चीवर नका बसू पाव्हणं, तिचा एक पाय लंगडा हाय. मघाशी एक बाई बसायला गेली आन सरळ जमिनीवर. मलाच म्हणली, आजोबा, हसता काय? म्हणलं, बाई, इथं पंखा न्हाय, पेपर न्हाय, मग करमणूक कशाची करावी माणसानं? इथं बसा माझ्याजवळ. तर काय सांगत होतो म्या — हां, ह्या फोनचं बटण. हे बगा. एवढुसं. ह्याच्यापरीस जवारीचा दाणा बरा, निदान भरडून खाता तरी येतोय. आन ह्या एवढ्याशा बटणानं माझी बाज घरातनं उचलून शेतातल्या कोठ्यावर नेऊन टाकली! बैलं एका अंगाला, म्या दुसऱ्या अंगाला. बैलाला येळंवर वैरण तरी मिळती, माझ्याशी घरातलं कुणी बोलत न्हाय.

काय म्हणता? चालू-बंद करायचं, व्हय, तेच बटण. ते आपोआप दबतंय. म्हंजी तुमी बोट लावलं न्हाय, डोळा लावला न्हाय, तरी आपलं ते आतल्या आत दबतंय, जणू उचकी लागली. आन ते फटाफटा चार-पाच डाव दबलं की फोन थेट पोलिसाला लागतोय — एकशेबाराला! सोय केलीय म्हणं कंपनीनं, माणूस संकटात असला तर. शी! संकट तुमीच करायचं आन सोयबी तुमीच करायची. आता म्हणं ह्या जातीच्या सगळ्या फोनची बटणं ते फुकट बदलून देणार. भिंतीवर लिवलंय बगा ते, वाचा की — 'आपल्या सेवेत, मोफत बदली योजना.' लेकराला खरूज लावायची आन मग मलम फुकट वाटत हिंडायचं, तसली ही सेवा. आन ती काउंटरवरली पोरगी — चांगली हाय बिचारी, पण मला म्हणती, 'कृपया आपली प्रतीक्षा करा.' म्हणलं, माझी म्याच प्रतीक्षा करू? म्या तर इथंच हाय! हसली न्हाय वो ती. पगारात हसणं बसत नसंल.

आन हा वास कसला येतोय हितं, सांगा बरं? गार वाऱ्याला वास! आंबलेल्या पोत्यावर अत्तर शिंपडल्यागत. थू. आमच्या गोठ्यातला शेणाचा वास लाख पटीनं खरा.

म्या? म्या दगडोबा. बेंबळीच्या पल्याड आमचं गाव. गावात कुणालाबी इचारा, दगडोबा कसा माणूस — सांगणार न्हायती, आधी आपला खिसा चाचपतील. खोडीशिवाय म्या पाणी प्यालो न्हाय कधी. आमच्या गावच्या एसटीच्या थांब्याची पाटी होती ना, ती म्या एकदा उपटली आन हागणदारीपाशी नेऊन रोवली. लोकं नाकाला दस्ती लावून उभी तितं! बरं, डायव्हर त्याच्याहून शहाणा — त्योबी तितंच गाडी थांबवायचा. कुणी इचारलं न्हाय की बाबा, थांबा इथं का आला. पाटी हाय म्हंजी थांबा हाय. तवापासून म्या ठरवलं, दुनिया पाटीवर चालती, डोक्यावर न्हाय. पण त्याचा तोटा काय झाला सांगतो — आता गावात कुणाची शेळी हरवली, कुणाची धोतराची जोडी झाडावर दिसली, की दगडोबा! म्या घरात तापानं फणफणलेलो असलो तरी दगडोबा!

तर झालं असं. माझी नात, हर्षाली. धनाजीची पोरगी. धनाजी माझा ल्योक, त्योच घिऊन आलाय मला, समोर खताच्या दुकानात गेलाय, यील आता. हर्षालीला बघायला पाव्हणं आले भूमहून. बघायला म्हंजी काय, आधीच समदं ठरल्यागत, नुस्ती सुपारी फोडायची बाकी. पोरगा उत्कर्ष, त्याचा चुलता भागवतराव — ह्यो भागवतराव म्हंजी त्या घराचा पुढारी. काय सांगू तुमाला! शिरा खाल्ला आन बोटं कशाला पुसली? आमच्या सोफ्याच्या खोळीला. धुरपदीनं, म्हंजी माझ्या मालकिणीनं, ती खोळ चार दिस आधी धुऊन कडक वाळवली होती. तिचा जीव वर-खाली व्हायला, पण पाव्हण्याला बोलायचं कसं? आन त्यो उत्कर्ष! गाडीची किल्ली कानात घालून कान कोरायला, कोरून किल्लीच्या टोकाकडं बघायला, आन मग परत कानात. ओकारी आली मला. पण ते बी सोडा. पोरगी चहा घिऊन आली तर भागवतराव म्हणतो कसा — 'पळती म्हणं ही? पळून पळून पिंढऱ्या गड्यावाणी झाल्या असतील.' आन हसला. समदेच हसले. धनाजीबी हसला, लाचारीनं.

पळती म्हंजी — पोलीस भरतीची तयारी करायली ती. तांबडं फुटायच्या आधी उठती आन बेंबळीच्या रस्त्यानं सुटती. कुत्री मागं लागत्यात, ती कुत्र्यांच्या पुढं. म्या एकदा कोठ्यावरनं बघितलं, उसाच्या फडाकडनं आली आन अशी गेली समोरनं — सटकन — मला वाटलं हरीणच. तर ह्यो भागवत्या तिच्या पिंढऱ्या काढायला! वरनं म्हणतो, 'लग्नानंतर हे पळणं-बिळणं बंद बरं का.' किळस आली पाव्हणं. खरी किळस.

मग म्या काय केलं? सांगतो की. म्या — शिरा खाल्ला. दुसरी ताटली. काय बगायलाव असं? तुमी काय केलं असतं? बोलला असता व्हय? न्हाय ना? मग गप ऐका.

सुपारी फुटली. फोन माझ्या बंडीच्या खिशात, इथं, छातीपाशी. मला पत्ताच न्हाय की खिशातलं बटण उचक्या द्यायलंय. आन भागवतरावाचा आवाज कसा, फुटक्या ताशावाणी. म्हणतो, 'सुपारी फुटली, आता येळ लावायचा न्हाय, पोरीचा बार लगेच उडवून टाकायचा!' धनाजी म्हणला, 'गाजावाजा नको भागवतराव, घरातल्या घरात उरकू.' आन परत भागवतराव — 'म्हातारा-म्हातारीची फिकीर करू नका, त्यांला आमी बघून घेतो!'

आता सांगा. तिकडं फोनच्या टोकाला बसलेल्या बाईनं काय ऐकलं असंल? सुपारी फुटली, पोरीचा बार उडवायचा, घरातल्या घरात उरकायचं, आन म्हातारा-म्हातारीला बघून घ्यायचं! तिनं काय समजावं बिचारीनं, लग्न म्हणून? हसा, हसा, म्याबी हसलो असतो, पण तवा तोंडात शिरा होता.

पान खाऊन होईपत्तुर पोलिसाची गाडी दारात. एक हवालदार आन एक बाई पोलीस. हवालदार आत येतो आन इचारतो, 'सुपारी कुणी दिलीय?' आन आमचा धनाजी, भोळा सांब, हात जोडून म्हणतो — 'म्याच दिली साहेब!' आय्यो! उत्कर्षनं काय केलं असंल? मागच्या दारानं पळाला. म्हंजी भरतीची तयारी पोरीची आन पळाला त्यो! भिताडावरनं उडी मारली ती सरळ उकिरड्यात, गुडघ्याएवढा रुतला. नवी प्यांट, पांढरे बूट. त्याला काढायला दोन माणसं लागली. बाहेर निघाला तवा त्याच्या कानात किल्ली होती का न्हाय, ते काय म्या बघितलं न्हाय.

मग उलगडा झाला. हवालदार हसला, पण फोन कुणाच्या नंबरवरनं आला ते त्याच्याकडं हाय ना. म्हणला, दगडोबा कोण? आन समद्यांच्या माना एकदम माझ्याकडं. वाऱ्यानं जवारीची कणसं झुकावी तशा. म्या म्हणतोय, अरं म्या न्हाय, म्या न्हाय, आन धुरपदी म्हणती, 'न्हाय म्हणायलाव म्हंजी तुमीच.' बगा! पन्नास वर्सं संसार केलेली बाई. हवालदारानं बोट दाखवून तंबी दिली, बाबा, परत असली गंमत केली तर म्हातारपण बघणार न्हाय, आत घालीन.

आन ती बाई पोलीस — तिनं एक काम केलं. हर्षालीला जवळ बोलावलं आन समद्यांच्या देखत इचारलं, 'पोरी, तुझ्यावर कुणी जबरदस्ती करायलंय का?' हर्षाली म्हणली, 'न्हाय.' पण पाव्हणं, त्या एका 'न्हाय'ला लई येळ लागला. तेवढ्या येळात माणूस विहिरीत उतरून पाणी पिऊन वर येतोय. धनाजीला ते ऐकू गेलं न्हाय. त्याला फक्त 'न्हाय' ऐकू गेलं.

भागवतराव उठला. जाताना काय म्हणला — 'असल्या म्हाताऱ्याच्या घरात आमी पोरगा देणार न्हाय. उद्या लग्नात बॉम्ब हाय म्हणून सांगंल.' झालं. दुसऱ्या दिशी माझी बाज कोठ्यावर. धनाजी म्हणला, आबा, तुमी पोरीचा जल्म नासला. म्या शपथा घेतल्या — सोनारीच्या भैरोबाची घेतली, बैलाची घेतली, धुरपदीची घ्यायला लागलो तर ती म्हणली माझी नका घेऊ, मला अजून जगायचंय.

मग परवा धनाजीला कुठं तरी दिसलं, ह्या फोनचं बटण खराब हाय, कंपनी बदलून देणार म्हणून. आन त्याचा चेहरा असा उजळला! कोठ्यावर आला, माझ्या बाजंवर बसला. म्हणला, 'आबा, चला धाराशिवला. कंपनीचा माणूस माझ्यादेखत म्हणू द्या की चूक बटणाची. म्या तुमच्या पाया पडतो, बाज घरात आणतो.' बगा — आता इथला माणूस आत नेऊन तपासणार, म्हणणार बटणच खराब, आन आमी सुटलो. आयुष्यात एकदा दगडोबा खरा ठरणार, ते बी मशिनीच्या तोंडून. थू असल्या खरेपणावर! आन खरं सांगू, ह्याचीच मला जास्त किळस. माझ्या उभ्या जल्मातली सगळ्यात नामी खोडी, उकिरड्यात नवरदेव, आन ती केली कुणी? ह्या प्लास्टिकच्या तुकड्यानं! म्या बसलो होतो शिरा खात.

आन पोरीला वाटतंय म्या केलं. हर्षालीला. परवा सांजच्याला भाकरी घिऊन कोठ्यावर आली. भाकरी ठिवली, पाया पडली, आन हळूच म्हणती — 'आबा, म्या कुणाला सांगणार न्हाय. पण तुमाला कळलं. घरात कुणालाच कळलं न्हाय, तुमाला कळलं.' काय कळलं? मला काय शाट्ट कळलं न्हवतं! पण ती डोळं पुसत होती, आन म्या... म्या भाकरी खाल्ली. लई गोड लागली ती भाकरी, खोटं कशाला बोलू.

काय म्हणता? मग तिचं काय? तिचं कशाला काय, ती तर — बटण खराब निघालं की धनाजी माझ्या पाया पडणार, मग —

व्हय. मग भागवतरावाला फोन करणार. तेच म्हणत होता वाटंत गाडीवर. म्हणला, भागवतरावांनी शबुद दिलाय, यंत्राची चूक असली तर आमचं काय म्हणणं न्हाय, परत येऊ. म्हाताऱ्याची असली तर न्हाय. व्हय, असंच म्हणला. वाऱ्यात नीट ऐकलं न्हाय म्या. म्हणलं, व्हय व्हय.

आरं तिच्या मारी.

परत येणार. परत खोळीला बोटं पुसणार. आन ती पोरगी चहा घिऊन येणार.

थांबा जरा पाव्हणं. बोलू नका.

आला बगा धनाजी. त्यो, काचंच्या दारात, ढकलायच्या जागी ओढायलाय. तुमी एक शबुद काढू नका, सांगून ठिवतो — ये रं धनाजी. बसू नकु. ती काउंटरवरली पोरगी बोलवू दे, बोलवू दे, आपला नंबर दुसऱ्याला दिऊ. चल घरला. तपासायचं काय न्हाय. बटण ठणठणीत हाय. म्याच दाबलं. व्हय, मुद्दाम. तुमी सुपारी फोडायलाव आन म्या खिशात हात घालून दाबलं, चार-पाच डाव, फटाफटा. ओरडू नकु, लोकं बगायल्यात. शपथ? आता कुणाची शपथ घेऊ? ह्या पाव्हण्यांला इचार, आत्ता, ह्या घडीला, त्यांच्यापुढं कबूल केलंय म्या समदं. म्हणलं का न्हाय वो पाव्हणं, म्याच दाबलं म्हणून?

मान हलवा की!