फिरता आजार

आजारी कोंबडीजवळ लेकरू नेऊ नकोस, असं आई सांगायची आणि मी हसण्यावारी न्यायचे. काल शेंद्र्याच्या बसमध्ये पुढच्या सीटवर एक आजी-आजोबा टोपलीत तरणा कोंबडा घेऊन बसले आणि आजी त्याला आजारी म्हणाल्या, तेव्हा मात्र मुलीला मी मांडीवर ओढलं.

“मंजुळा, डॉक्टर म्हणले, ठणठणीत हाय.”

“त्यांच्याम्होरं लाजला तो. घरी लंगडतो की.”

“काल डावा पाय म्हणलीस, आज उजवा?”

“आजार फिरता हाय. मी हळद लावली की पलीकडं जातो.”

“सकाळी तुझ्या ताटातली भाकर खाल्ली त्यानं.”

“पथ्याची होती.”

“रविवारी जावई येतोय. रस्सा काय पथ्याचा करायचा?”

“आजारी जीव जावयाला खाऊ घालता व्हय? लेकीला काय तोंड दाखवाल?”

“मग बरा कधी व्हईल?”

“जावई गेल्यावर बघू.”

तेवढ्यात टोपलीतून खणखणीत बांग आली. सगळी बस वळून बघायला लागली.

“अन् हे काय?”

“कण्हतोय बिचारा.”

दोघं शेंद्र्याला उतरले. तुम्ही तिकडं राहत असाल, तर सोमवारी मंजुळाबाईंच्या खुराड्यात तेवढं डोकावून या, आणि मला कळवा.