सखारामची भूक

मंडळी, आयाबायांनो,

सखारामच्या अंगणात सतरंज्या पुरल्या नाहीत, इतके आलात. गेलेल्या सखारामबद्दल दोन शब्द बोलायला उठलो आहे. डोळे अधू झाले माझे, कान शाबूत आहेत. मघाशी मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "खाऊन खाऊन मेला." नाव घेत नाही. ज्याचं त्याला ठाऊक.

सखाराम आणि मी एकाच मागावर विणायला शिकलो. आज सदर बाजारात माझं कापडाचं दुकान आहे; तिथं पहिलं लुगडं टांगलं ते त्याच्या हातचं. जेवणारा कसा? अर्ध्या भाकरीत उठणारा! मी चिडवायचो, "पाखरू आहेस का गा?"

मग तो पालटला. रांजणच्या रांजण पाणी प्यायचा. बोलता बोलता झोपायचा. महालक्ष्म्यांना नैवेद्य दाखवायच्या आधीच त्यानं ताटातली पुरणपोळी उचलली. आपल्या समाजाच्या पंचांनी हात धरला, तर त्यांच्या अंगावर धावला. त्या दिवशी आपण त्याला पंगतीतून उठवलं, ते पुन्हा बसू दिलं नाही.

यमुनावहिनींनी चुलीच्या खोलीला कुलूप घातलं. मी दारातच होतो. तो रडत होता, "कुलूप काहून लावतं वं? पोट दुखून राहिलं, तरी भूक थांबत नाही." त्या म्हणाल्या, "मी का वैरीण आहो तुमची?" आणि त्याही रडल्या.

मी त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. विचारलं, डॉक्टरसाहेब, हा असा अधाशी कसा झाला? ते म्हणाले, "अधाशी नाही हो. मेंदूच्या तळाशी बोराएवढी जागा असते. पोट भरलं की तिथल्या पेशी 'बस' म्हणतात. तहान, झोप, अंगातली ऊब, संताप, सगळ्यावर त्यांचीच देखरेख. तिथं गाठ झाली आहे. याचं पोट भरतं. भरलं हे सांगणारं कुणी उरलं नाही."

पंच समोर बसले आहेत. मान राखून विचारतो. आपण पंगतीतून कुणाला उठवलं? सखारामला, की त्या गाठीला? आणि गाठीला शिक्षा होते का?

तेराव्याला वहिनी पानं मांडणार आहेत. सकाळी मला म्हणाल्या, "कोणी येईन का भाऊजी?" म्हटलं, विचारून सांगतो. ते उत्तर तुमच्याकडून घ्यायचं आहे.

आता दोन मिनिटं शांतता पाळू. पण एक विनंती. तेराव्याला जो या घरी जेवणार असेल, त्यानंच उभं राहावं. बाकीच्यांनी बसल्या जागी हात जोडावेत. दार किलकिलं आहे. वहिनी आतून बघत आहेत.

उठा.